यंत्राचा वेग आणि माणसाचा दोष



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून विद्वानांनी व्यासपीठावरून बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा शिरस्ता चालत आला आहे. यंदा चिटणिसांनी तो मोडला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा या भाषणात पांडित्य सापडले नाही, तर श्रोत्यांनी राग मानू नये.

मी विषय कळवला, ‘छापील वेगापेक्षा कमी वेगाने चालणारा संगणक’. चिटणिसांनी विचारले, “अहो, यात इतिहास कुठला? हे तर दुरुस्तीवाल्याचे काम.” मी म्हणालो, यात शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या मुळशीतूनच निघतो. तो सांगण्यापूर्वी एक हकीकत ऐकवतो.

काही वर्षांपूर्वी पिरंगुटकडच्या एका कारखान्यातील आमच्या एका तरुण सभासदाला आरोपपत्र मिळाले. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तो तपासणीच्या टेबलावर काम करीत असे. यंत्रावर कातून आलेला बिडाचा भाग कॅमेऱ्याखाली ठेवायचा, शेजारच्या संगणकाने त्याची मापे काढायची, पडद्यावर हिरवी खूण आली की भाग पुढे सरकवायचा आणि तांबडी आली की बाजूला काढायचा, असे ते काम. फेब्रुवारीपासून त्याच्या पाळीचा आकडा घसरत गेला. एप्रिलमध्ये तो ठरलेल्या आकड्याच्या दोनतृतीयांशावर आला. आरोपपत्रात लिहिले होते, ‘हेतुपुरस्सर मंदगतीने काम करणे’. चौकशी होईपर्यंत त्याला निलंबित करून अर्ध्या पगारावर घरी बसवण्यात आले.

मंदगती हा शब्द ऐकायला मवाळ वाटतो, परंतु कामगाराच्या कपाळी लागणाऱ्या शब्दांत याच्याइतका घातक शब्द विरळा. मुंबई राज्याच्या १९५९ सालच्या नमुना स्थायी आदेशांत जाणूनबुजून काम मंदावणे हे गैरवर्तन ठरवलेले आहे. १९६१ साली भारत शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंदगतीला उघड संपाहूनही अधिक नुकसानकारक मानले. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने मंदगतीला चिथावणी देणे ही संघटनांची अनुचित प्रथा ठरवली. म्हणजे आरोप शाबीत झाला असता, तर पोराची नोकरी गेलीच असती आणि पाठोपाठ संघटनेच्या अंगावरही किटाळ आले असते.

आता मागे जाऊ. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. मुळेच्या पाण्यावर टाटांच्या वीज कंपनीचे धरण होणार होते आणि मावळ्यांची भातखाचरे त्याखाली जाणार होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखाली हा लढा १९२४ पर्यंत चालला. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते यातूनच. लढा हरला. धरण बांधून झाले आणि १९२७ साली घाटाखाली भिऱ्याला वीज निघू लागली. खोपोलीचे वीजघर १९१५ चे आणि भिवपुरीचे १९२२ चे. अशा रीतीने सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस तारांतून मुंबईच्या गिरण्यांत पोहोचला.

माझ्या पणजोबांची जमीन त्या पाण्याखाली गेली. आजोबा मुंबईस गेले आणि साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले. त्यांच्या शेतावर जे पाणी उभे राहिले, त्याच्याच विजेवर मुंबईचे साचे फिरत होते. आजोबांना हे ठाऊक होते आणि त्याविषयी ते फारसे बोलत नसत.

ते गिरणीत लागले त्याच सुमारास १९२८ चा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. ना. म. जोशी, डांगे, आळवे, कासले ही त्या संपातली नावे. मालकांचे म्हणणे असे, की साचेवाल्याने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत आणि त्रासनखात्यात एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात. याला त्यांनी भारदस्त नाव दिले होते, सुसूत्रीकरण. साचा मिनिटाला दोनशेच्या आसपास धोटे फेकतो, दिवसाचे तास इतके, तेव्हा कापड इतके वार निघालेच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. हिशेब चूक नव्हता, पण त्यात सूत तुटत नव्हते.

साचेखात्यात सूत मात्र तुटत होते. हलक्या कापसाचे सूत, कोरडी हवा, ढिला पडलेला पट्टा, झिजलेला धोटा, यांपैकी एक कारण पुरे होई. सूत तुटले की साचा थांबतो, साचेवाला गाठ मारतो, साचा पुन्हा सुरू होतो. कापड कमी भरले की जॉबर येऊन साचेवाल्याच्या हाताकडे बघे, सुताकडे बघत नसे. वाईट सुताची ही तक्रार मुंबईच्या कामगाराने पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने १९२९ साली अहवाल दिला, त्यामागे कामाच्या बोजाचे हेच भांडण होते. यंत्र मंद चालले तर दोष कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासून उभा आहे.

तो एकट्या आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या अभियंत्याने हाती घड्याळ घेऊन कामगाराची प्रत्येक हालचाल मोजण्याचे शास्त्र रचले आणि १९११ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कामगार मुद्दाम संथ काम करतो, हे त्याचे मुख्य गृहीत होते. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात कामगारांनी या घड्याळाविरुद्ध संप केला. टेलरची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. वाईट हत्यार आणि वाईट मांडणी यांनीही काम मंदावते, हे त्यानेच दाखवून दिले. पुढे त्याच्या शिष्यांनी हत्यारे बाजूस ठेवली आणि घड्याळ तेवढे उचलले.

या बाबतीत आम्हा संघटनावाल्यांचीही एक चूक कबूल करायला हवी. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. कलकत्त्याला तर संगणक ठेवायच्या इमारतीवर रात्रंदिवस पहारे बसले. स्वयंचलनाचा प्रश्न तपासण्यासाठी सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर होते आणि १९७२ साली त्यांचा अहवाल आला. बँकांत १९८३ च्या सप्टेंबरात करार होऊन संगणकाला मर्यादित वाट मिळाली. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. १९८२ च्या संपात माझ्या वडिलांची गिरणी सुटली आणि आम्ही मुळशीस परत आलो, तेव्हा बेकारीची किंमत मी घरातच पाहिली आहे. परंतु संगणक येऊ द्यावा की न द्यावा, यावर आम्ही तीस वर्षे भांडलो आणि तो आल्यावर आत काय चालते हे उघडून पाहिले नाही. साचेवाल्याला साचा ठाऊक होता. जॉबरने थाप मारली तर ती त्याला कळत असे. संगणकापुढे बसलेला आमचा माणूस मात्र पडदा सांगेल ते ब्रह्मवाक्य मानू लागला.

म्हणून थोडे आत पाहू. संगणकाचा जो भाग हिशेब करतो त्याला प्रोसेसर म्हणतात. तो नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला असतो आणि त्याचे सारे काम ठोक्यावर चालते, जशी भजनाची टाळावर चालावी. गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक ठराविक लयीत कंप पावतो आणि त्या लयीची पट करून प्रोसेसरचा ठोका बनवतात. तीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीनशे कोटी ठोके. एका ठोक्याच्या अवकाशात प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीतच जातो.

हा वेग कसा वाढत गेला तेही पाहण्याजोगे आहे. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएमच्या घरगुती संगणकाचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. २००२ साली इंटेलच्या पेंटियम फोरने तीन गिगाहर्ट्झ ओलांडले. एकवीस वर्षांत सहाशेपटीहून अधिक! मग २००४ साली चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढण्याचा बेत त्याच कंपनीने सोडून दिला. अडचण उष्णतेची होती. प्रत्येक ठोक्याला लक्षावधी सूक्ष्म कळा उघडमीट करतात आणि प्रत्येक उघडमिटीला थोडी ऊब निघते. ठोके वाढवायचे तर विजेचा दाबही वाढवावा लागतो आणि दाब दुप्पट केला की उष्णता चौपट होते. तेव्हापासून कारखानदारांनी वेगाची शर्यत आवरती घेऊन एकाच चकतीवर अनेक प्रोसेसर बसवण्याचा मार्ग धरला.

याच काळात प्रोसेसरला स्वतःचा वेग कमीजास्त करण्याची शिकवण मिळाली. काम नसेल तेव्हा वीज वाचवण्यासाठी तो ठोके कमी करतो. थोडा वेळ निकडीचे काम आले आणि अंग थंड असले, तर छापील वेगाच्याही वर धाव घेतो. आणि तापमान हद्दीला पोहोचले, पुष्कळ प्रोसेसरांत ती हद्द शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास असते, की जळून जाऊ नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. उन्हात दमलेला बैल खाली बसतो, त्यातलाच प्रकार.

आता पिरंगुटच्या चौकशीकडे येतो. यंत्राची तपासणी आमच्या समक्ष व्हावी असा अर्ज मी दिला. चौकशी अधिकारी सरळ मनाचे गृहस्थ होते, त्यांनी तो मान्य केला. माण गावचा एक मुलगा माझ्या परिचयाचा होता. माण, मारुंजी, हिंजवडी ही गावे आपल्याच तालुक्यातली. तिथे औद्योगिक महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारली, त्यात या मुलाच्या घरची शेती गेली आणि तो त्याच वसाहतीत संगणकांची देखभाल करू लागला. त्याला मी बोलावून घेतले.

मी त्याला म्हणालो, “बाबा, यंत्र नादुरुस्त आहे एवढे दाखवून दे, म्हणजे सुटलो.”

तो म्हणाला, “काका, असं आधीच ठरवून बघायचं नसतं. यंत्र निजलंय, का कुणी बांधून ठेवलंय, का दमलंय, हे बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी मोजायचं.”

चाळीस वर्षांत इतका शहाणा उपदेश मी क्वचित ऐकला असेल.

प्रथम त्याने कागदपत्रांवरून प्रोसेसरचा छापील वेग काढला. तो ३.२ गिगाहर्ट्झ होता. मग काम बंद ठेवून वेग पाहिला. तो १ च्या खाली होता. मी हर्षाने उठलो, तर म्हणाला, “बसा काका, रिकामा आहे म्हणून निजलाय. हा दोष नव्हे.” मग त्याने मापाचे काम पूर्ण जोराने सुरू केले. वेग प्रथम छापील आकड्याच्याही वर गेला, आणि दहा मिनिटांत घसरत घसरत १.२ वर येऊन ठरला. आता दोष आहे हे नक्की झाले. कसला, ते अद्याप ठरायचे होते.

वीज वाचवण्याची मांडणी चालू आहे काय, ते त्याने पाहिले. ती बदलून पुन्हा मोजले, फरक नाही. दुसरा एखादा कार्यक्रम आतल्या आत प्रोसेसर खातो आहे काय, ते पाहिले. विषाणू शोधणारा कार्यक्रम भर पाळीत सुरू होत होता. त्याची वेळ बदलली, थोडा फरक पडला. स्मृती अपुरी पडते काय, तबकडी रेंगाळते काय, तेही पाहिले. तिथे काही नव्हते. सरतेशेवटी तापमान पाहिले, तर ते शंभराला टेकलेले. तेव्हा कुठे त्याने पेचकस हाती घेतला.

लोखंडी कपाट उघडले आणि आम्ही सगळे गप्प झालो. बिडाची काळी भुकटी आणि कातकामाच्या तेलाचे तुषार मिळून पंख्यावर नमद्यासारखा थर चढला होता. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांतून वारा जायला वाव नव्हता. प्रोसेसर आणि ती पाती यांच्यामध्ये उष्णता पोहोचवणारा लेप असतो, तो वाळून खडू झाला होता. कपाटाची जाळी कित्येक महिन्यांत कोणी बदलली नव्हती, कारण ते काम कोणाच्याच यादीत नव्हते. सफाई केली, नवा लेप लावला, जाळी बदलली. तास दीड तास पूर्ण कामावर मोजले. वेग ३.२ वर ठाम राहिला आणि तापमान ऐंशीच्याही वर गेले नाही.

इथे टाळ्या घेऊन मी खाली बसू शकलो असतो. परंतु माणचा तो मुलगा हिशेबाचा पक्का. तो म्हणाला, “काका, अजून जमत नाही. यंत्र चोख आहे, तरी पाळीचा आकडा ठरलेल्यापेक्षा थोडा कमीच पडतोय.” व्यवस्थापनाचे गृहस्थ माझ्याकडे पाहून हसले, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पोराने खरोखरच अंग चोरले असेल काय? मी स्वतः त्याला विचारले. तो म्हणाला, “साहेब, चहाला पाच मिनिटं जास्त घेतली असतील कधी. दोन महिने चोरी करायची माझी हिंमत नाही.”

मग आम्ही ठरलेला आकडा मुळात कोठून आला ते शोधले. तो जानेवारीतल्या एका सकाळी घड्याळ लावून काढला होता. यंत्र नवे, हवा थंड आणि मोजणी जेमतेम काही मिनिटांची. त्या मिनिटांत प्रोसेसर छापील वेगाच्या वर धावत होता. म्हणजे यंत्राची क्षणभराची धाव हीच त्याची नित्याची चाल धरून माणसाच्या आठ तासांचा आकडा बांधला होता. यात कोणाचा कपटभाव नव्हता. ज्याने मोजले त्याला यंत्राला दोन वेग असतात हे ठाऊक नव्हते, एवढेच.

हा भेद संगणकाच्या जाणत्यांना मात्र पहिल्यापासून ठाऊक आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. अशा यंत्रांचा कमाल वेग आणि प्रत्यक्ष कामातला वेग हे दोन निरनिराळे आकडे असतात आणि ते निरनिराळे सांगण्याची रीत आहे. २००७ साली टाटांच्या संशोधन संस्थेने पुण्यातच ‘एका’ हा महासंगणक बांधला. जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत त्या नोव्हेंबरात त्याचा चौथा क्रमांक लागला. त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १७१ लक्ष कोटी गणिते, आणि ठराविक कसोटीत प्रत्यक्ष मिळालेला वेग सुमारे ११८. म्हणजे शंभरातले एकोणसत्तर. यादीतला क्रमांक लागतो तो प्रत्यक्ष वेगावर. एकतीस टक्के कमी पडले म्हणून कोणी त्या यंत्रावर आरोपपत्र बजावले नाही. उलट सर्वांनी पाठ थोपटली, आणि ते योग्यच झाले. यंत्राला जी उदारबुद्धी आपण दाखवतो, ती त्याच्यापुढे बसलेल्या माणसाला का दाखवू नये?

वेग लपूनछपून उतरवला तर माणसे किती चिडतात, याचाही दाखला आहे. जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग आपण प्रणालीतून कमी करतो, असे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले. बॅटरी दमली की फोन एकाएकी बंद पडू नये, हा त्यामागचा हेतू तिने सांगितला. हेतू बरा असेल, पण मालकाला कोणी सांगितले नव्हते. तो बिचारा आपला फोन म्हातारा झाला असे समजून नवा घेत होता. अमेरिकेतल्या दाव्यांत २०२० साली कंपनीने पन्नास कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तयारी दर्शवली. तेव्हा वेग कमी होणे वेगळे आणि तो कमी का झाला हे न सांगणे वेगळे.

आमच्या पोराचे आरोपपत्र मागे घेतले गेले. आकडा नव्याने बांधला गेला, तोही मे महिन्यातल्या दुपारी, पूर्ण पाळी मोजून. जाळी बदलण्याचे काम देखभालीच्या यादीत लिहिले गेले. निलंबनाच्या दोन महिन्यांचा उरलेला पगार मिळायला मात्र वर्ष लागले. पोरगा कामावर परत आला, पण पूर्वीसारखा बोलका राहिला नाही. गावात दोन महिने कामचोर म्हणून त्याचे नाव निघाले होते. पंख्यावरची भुकटी पुसता येते तसे ते पुसता येत नाही.

श्रोतेहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आज संगणक आहे. तो मंद झाला तर माणच्या मुलाचा क्रम ध्यानात ठेवा. छापील वेग काय तो पाहा. रिकामा असताना नव्हे, कामात असताना मोजा. विजेची मांडणी, आतले इतर कार्यक्रम आणि मग तापमान, असे एकेक तपासा. धूळ निघाली तर झाडा, आणि स्वतःला जमत नसेल तर जाणत्याला बोलवा. हे साधे आहे.

याहून अवघड आहे ते हेच शहाणपण माणसांच्या बाबतीत वापरणे. तुमच्यापैकी कोणी कारखान्यात अधिकारी असेल, कोणी शाळेत शिक्षक, कोणी कचेरीत वरिष्ठ. हाताखालचा माणूस मंद दिसला, तर तो निजला आहे, बांधला गेला आहे, की दमला आहे, हे आधी पाहा. त्याच्याकडून अपेक्षिलेला आकडा कोणत्या थंड सकाळी काढला होता, तेही पाहा. एवढे तपासून दोष त्याचाच निघाला, तर संघटनेचा माणूस म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही. मात्र कपाट उघडण्याआधी आरोपपत्र लिहू नका.

आजोबांच्या साच्याचा पट्टा ढिला आहे काय, हे पाहायला जॉबर कधी वाकला नाही, असे ते सांगत. आपण वाकून पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.